दाराबरोबर विकलेली नोटीस

माझ्या समोरच्या गिरणीवाल्यानं मला फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माझी हकीकत ऐकताना लोक अर्ध्यातच सरकारी कचेरीला शिव्या द्यायला लागतात आणि मूळ माणूस बाजूला राहतो. कचेरीनं तिच्या नियमाप्रमाणं काम केलं. ते नियम मला तेव्हा आवडले नाहीत आणि आजही आवडत नाहीत, पण कचेरीनं माझ्याशी कधी दोस्ती सांगितली नव्हती. गिरणीवाल्यानं सांगितली होती. वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. कुठं घर पाडायला काढलं की तिथली दारं, चौकटी, खिडक्या, तुळया मी उचलायचो. खिळे काढायचे, रंधा मारायचा, बिजागऱ्यांना तेल द्यायचं आणि ज्याला नवं सागवान परवडत नाही त्याला विकायचं. माझा बाप खुलताबादकडच्या डोंगरात शेळ्या-मेंढ्या राखायचा. मी शहरात आलो तो पाडकामावर मजूर म्हणून. आढ्यावर बसून कौलं काढता काढता मी बघायचो, खाली मालक लाकूड कवडीमोलानं देऊन टाकतोय आणि घेणारा व्यापारी तोंड वाकडं करून अजून पाडून मागतोय. ते तोंड वाकडं करणं मी शिकलो. पुढं लाकडाचा वासही ओळखायला शिकलो. बाकी मला कुणी काही दिलेलं नाही.

मुकुंदवाडीत शेतं गुंठ्यानं विकायला निघाली तेव्हा मी तीन गुंठे घेतले. मागं दोन खोल्या बांधल्या, पुढं पत्र्याचं फाटक लावून वखार केली. समोरच्या तुकड्यावर गिरणीवाला आला. तो जालन्याकडचा, माझ्याच वयाचा. त्याची गिरणी आणि माझी वखार एकाच वर्षी सुरू झाली. गल्लीत रस्ता नव्हता, दिवे नव्हते, पाणी हापशाचं. पावसाळ्यात त्याची गव्हाची पोती माझ्या पत्र्याखाली असायची आणि उन्हाळ्यात माझी बायको त्याच्या घरी पापड लाटायला जायची.

मग शहराचा आराखडा आला. म्हणजे तो कधी आला ते आम्हाला कळलंही नाही. कचेरीतल्या नकाशावर आमची गल्ली पिवळ्या रंगात होती. पिवळा म्हणजे राहण्याची जागा. राहण्याच्या जागेत घर चालतं, किराणा दुकान चालतं, न्हावी, शिंपी चालतो. पिठाची गिरणीही चालते, कारण माणसाला भाकरी लागते. लाकडाची वखार चालत नाही. ती पेट घेते, करवतीचा आवाज होतो, भुसा उडतो.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शहरात सगळ्यात आधी ते कळणाऱ्यांपैकी मी एक होतो, कारण माझं पोटच अशा नोटिशींवर होतं. ज्या घराला पाडायची नोटीस लागली त्या घरी मी दुसऱ्या दिवशी हजर. मालक कपाळाला हात लावून बसलेला असायचा. मी चहा मागायचो आणि त्याला शहाणपण सांगायचो. "नोटीस लागल्यापासून एक महिना तुमचा हाय. महिन्याच्या आत परवानगीचा अर्ज टाका. अर्जाचा निकाल लागेपोतर कुणी हात लावू शकत नाय. त्यात वर्ष जातं, दोन जातात." काहींनी तसं केलं आणि त्यांची घरं उभी राहिली. माझा त्यात तोटाच व्हायचा, पण मी सांगायचो. फुकट सल्ला द्यायला माणसाला बरं वाटतं. हाच सल्ला मी एकदा गिरणीवाल्याच्या ओट्यावर बसून त्यालाही ऐकवला होता. बशीतला चहा फुंकत तो म्हणाला होता, "म्हणजी सगळा खेळ त्या महिन्याचा हाय म्हण की."

"व्हय," मी म्हणालो होतो. "महिना गेला की माणूस गेला."

आता माझी एक सवय सांगितली पाहिजे, कारण त्या सवयीनं माझा घात केला. वखारीतल्या प्रत्येक दारावर मी चिठ्ठी चिकटवायचो. तिच्यावर उंची, रुंदी आणि लाकडाची जात. किंमत कधीच नाही, किंमत तोंडी. चिठ्ठ्यांना कागद मी रद्दीतून आणायचो. शाळांचे छापील तक्ते, बँकांचे फॉर्म, कचेऱ्यांतले टाईप केलेले फुकट गेलेले कागद. पाठकोऱ्या बाजूवर लिहायचो आणि घाईत कधी छापलेल्या बाजूवरच खडूनं ओढायचो. बायको म्हणायची, "अहो, कोरे कागद आणा की, काय ते कोर्टकचेरीचं दारावर लावता." मी ऐकलं नाही. फुकटातला कागद सोडून विकतचा आणणारा माणूस मी नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या दोन-अडीच महिने आधी खुलताबादला एक मोठं जुनं घर मोडायला निघालं होतं. तुळया शिसवीच्या आहेत असं कानावर आलं. मी दोन दिवस तिथं मुक्काम ठोकला. बायको तिच्या बहिणीकडं जावळाच्या कार्यक्रमाला गेली होती. वखारीला कुलूप. फाटकाबाहेर मात्र भिंतीला टेकवून, साखळी घालून दोन-तीन स्वस्तातली दारं मी कायम ठेवायचो. तीच माझी पाटी.

खुलताबादचा सौदा फिसकटला. तुळया शिसवीच्या नव्हत्या. मी चिडून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एक गिऱ्हाईक उभं राहिलं. छावणीतली एक शिवणकाम करणारी बाई होती, गळ्यात मापाची पट्टी तशीच राहिलेली.

"भाई, ये भायरवाला दरवाजा कित्ते का?"

"सागवान है बाई. हात लगाके देखो."

"सागवान कायका. आम का है. मेरे कू मत सिखाव."

आंब्याचंच होतं. पण इतक्या सहज ओळखणारं गिऱ्हाईक मला फार वर्षांत मिळालं नव्हतं, म्हणून मलाही चेव आला. आम्ही तासभर घासाघीस केली. ती दोनदा टेम्पोपर्यंत जाऊन परत आली. मी दोनदा साखळी काढून परत लावली. दारावर कागद होता. तो मला दिसत होता. टाईप केलेला, खाली गोल शिक्का. माझ्या वखारीत तसे शंभर कागद होते. मला वाटलं, चिठ्ठी उलटी लागलीय. माझं सगळं लक्ष बाईच्या तोंडाकडं होतं, ती कुठल्या आकड्याला पापणी हलवते त्याच्याकडं.

सौदा ठरला. दार उचलायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी समोर हाक मारली. आमच्या गल्लीत तशी रीतच होती, जड काही उचलायचं असलं की समोरचा येतो. गिरणीवाला हात झटकत आला. भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या.

"कोणतं?"

"हेच. भायेरचं."

तो दाराकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं.

"हेच देतो व्हय?"

"व्हय. कामून?"

"काय नाय," तो म्हणाला. "वजन लई दिसतं."

एक टोक मी धरलं, एक त्यानं. कागदाची बाजू वर होती. टेम्पोत दार सरकवताना त्यानं त्यावर हाताचा पंजा दाबला, कागद उडू नये म्हणून. हे मला तेव्हा दिसलं, समजलं नाही.

सव्वा महिन्यानं पथक आलं. एक जीप, चार माणसं आणि एक ओव्हरसिअर. बारीक अंगाचा पोरगेला माणूस, कॉलरमध्ये रुमाल घातलेला. त्यानं फाटकातूनच विचारलं, "काका, अजून सगळा माल इथंच? मुदत संपून आठ दिवस झाले."

"कसली मुदत?"

"नोटिशीची."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. मला राग लवकर येतो आणि तो आला की माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो. गल्ली गोळा झाली. त्यानं शांतपणे फाईल काढली. त्याला रोजचीच सवय असावी.

"मला नोटीस मिळालीच नाय!"

"सगळे हेच म्हणतात, काका. हा पंचनामा बघा."

कार्बनची प्रत होती. मिळकतधारक हजर नसल्याने वखार बंद करण्याबाबतची नोटीस मिळकतीच्या दर्शनी भागातील लाकडी दरवाजावर दोन पंचांसमक्ष डकवली. खाली दोन सह्या. एक त्यांच्या शिपायाची. दुसरी गिरणीवाल्याची, मोठ्या अक्षरात, शेवटच्या अक्षराला शेपूट. ती सही मी उधारीच्या वहीत, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, कुठं कुठं बघितली होती.

"लाकडी दरवाजा?" मी ओरडलो. "माझ्या फाटकाला पत्रा हाय! डोळे हायेत का तुला?"

ओव्हरसिअरनं फाटकाकडं बघितलं आणि तोही जरा गोंधळला. मग त्याला आठवलं. "इथं भिंतीला एक दार होतं ना, काका. तुमच्या फाटकाच्या नालीदार पत्र्यावर कागद धरतच नव्हता. म्हणून दारावर लावला. खळ पण समोरूनच मिळाली, गिरणीतून."

माझ्या डोळ्यांसमोर ते आंब्याचं दार टेम्पोत चढत होतं आणि त्याच्याबरोबर माझा महिना छावणीकडं चालला होता.

ओव्हरसिअर माणूस वाईट नव्हता. "आज मी माल उचलत नाही," तो म्हणाला. "साहेबांकडं सुनावणी मागा. काही पुरावा असेल तर घेऊन या." जीप गेली. मी सरळ समोर गेलो.

गिरणी चालू होती. चार-पाच बायका डबे घेऊन उभ्या होत्या. आवाजावर आवाज चढवत मी विचारलं, "पंचनाम्यावर सही तुझी हाय?"

"माझीच हाय. सायेब म्हणले पंच पायजे. म्या उभा व्हतो, केली."

"आन् खळ?"

"पीठ मागितलं, दिलं. दारात आलेल्याला नाय म्हणायचं?"

"मला कामून नाय सांगितलं?"

"तू कुठं व्हता? खुलताबादला."

"तिसऱ्या दिवशी आलो की! तुझ्यासमोर दार विकलं. दुसरं टोक तू धरलं व्हतं!"

"तूच हाक मारली, शेठ. शेजाऱ्यानं येऊ नाय का?" मी चिडलो की तो मला शेठ म्हणायचा.

"कागद दिसत व्हता तुला?"

त्यानं गिरणी बंद केली. पट्टा फटफट करत थांबला. एकदम शांत झालं. तो म्हणाला, "तुला नव्हता दिसत? दार तुझं, कागद तुझ्या दारावर, लिहिता-वाचता तुला येतं. म्या काय अडाणी माणूस. मला वाटलं, तुला म्हाईत असल. लोकायला कायदा शिकवतो तू."

एक बाई हसली. म्हणाली, "काका, आधी दळण व्हऊ द्या, मग भांडा. घरी पाव्हणे आलेत."

मी तिच्याच डब्याला लाथ मारली. दळायची ज्वारी जमिनीवर सांडली. नंतर माझ्या बायकोनं जाऊन तिला आमच्या घरची ज्वारी दिली आणि माफी मागितली. मी मागितली नाही.

त्या संध्याकाळी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्या लेकीच्या लग्नातली चौकट विसरले का तुम्ही?"

मी विसरलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घराला नवी चौकट बसवायची म्हणून तो व्याह्यांना घेऊन वखारीत आला होता. व्याही मोठे शेतकरी, फेटा बांधलेले. त्यानं मला मागून डोळा मारला. म्हणजे पहिल्या बोलीला मान दे, आपण नंतर बघू. मला तो डोळा कळला. पण धंद्याच्या जागेवर मी कुणाचाच नसतो. मी चौकटीचा भाव सांगितला आणि जाग्यावरून हललो नाही. व्याह्यांसमोर त्याला तीनदा "राहू दे मग, पुढं बघ दुसरीकडं" असं ऐकवलं. शेवटी व्याह्यांनीच खिशात हात घातला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानंतरही तो माझ्याबरोबर चहा पीत राहिला. मला वाटलं, मिटलं.

त्यासाठी मी दोषी असेन. पण एका चौकटीसाठी माणसाची वखार घालवायची? चौकट मी पहिल्या बोलीला दिली असती तर तो बोलला असता का? मला माहीत नाही. कधीकधी वाटतं, तेव्हाही बोलला नसता. त्याच्या पिठात माझा भुसा पडतो असं त्याची बायको वर्षानुवर्षं म्हणायची.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं. ते दार परत मिळालं पाहिजे. नोटीस माझ्या घराला लागली नव्हती, विकाऊ मालाला लागली होती. गिऱ्हाईक घेऊन जाईल अशा वस्तूवर नोटीस लावणं म्हणजे नोटीस देणं नव्हे, असं मी साहेबासमोर मांडणार होतो. ते मान्य झालं तर महिना नव्यानं सुरू होणार होता आणि अर्ज टाकायला मला एक दिवस पुरला असता. वखार वाचायची एवढीच एक वाट होती.

बाईचं नाव मला माहीत नव्हतं. छावणीच्या बाजारात मी एकेका शिंप्याला विचारत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका बोळात सापडली. तिनं ते दार स्वयंपाकघराला लावलं होतं आणि हिरवा ऑईलपेंट मारला होता. मधोमध नोटीस तशीच. तिच्या चारी बाजूंनी इतक्या निगुतीनं ब्रश फिरवला होता की तसबीर लावल्यासारखी दिसत होती.

"ये कागज नहीं निकाला?" मी विचारलं.

"कायकू निकालू? सरकारी शिक्का है. मई बोली, पक्के माल का कागज होएंगा."

मी सरळ तोंड ठेवून सांगितलं की हे दार चुकून गेलं, एका गिऱ्हाईकाला आधी कबूल केलं होतं, पैसे परत देतो. ती मशीनवरून उठली, दाराजवळ गेली, कागदावरून बोट फिरवत सावकाश वाचायला लागली. मराठी तिला अडखळत येत होतं, पण येत होतं.

"भाई," ती म्हणाली, "तुमकू दरवाजा नै होना. तुमकू कागज होना."

मला वाटलं होतं ती हसेल. हसली नाही. पण भावही सोडला नाही. तिला माझ्या वखारीत मागच्या बाजूला ठेवलेलं दोन फळ्यांचं खरं सागवानी दार हवं होतं, पितळी कडीसकट. त्या दिवशी सौदा करताना तिनं ते बघून ठेवलं होतं. मी तोंड वाकडं केलं. ती परत मशीनवर बसली आणि पायडल मारायला लागली. मी कबूल झालो. आयुष्यात एवढा वाईट सौदा मी कधी केला नाही आणि तरी त्या बाईचा मला राग आला नाही.

सुनावणीच्या दिवशी दार टेम्पोत घालून कचेरीत नेलं. दोन हमालांनी ते दोन जिने वर चढवलं. वाटेत लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. "काका, साहेबांच्या केबिनला दार बसवताय का?" एकानं विचारलं. मी जिना चढत राहिलो. रात्रभर मी भाषण पाठ केलं होतं.

साहेब वयस्कर होते, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. मग चष्मा लावून खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दारावरची नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. शिक्का बघितला. तारीख बघितली.

"म्हणजे नोटीस लागली होती," ते म्हणाले.

"लागली, पण मालाला लागली, सायेब. मिळकतीला नाय."

"हा माल कुठं होता त्या दिवशी?"

"माझ्या भिंतीला."

"भिंत तुमच्याच जागेची?"

"व्हय."

"आणि कशासाठी ठेवला होता?"

उत्तर एकच होतं. विकायला ठेवला होता. राहण्याच्या जागेत लाकडाचा माल विकायला ठेवतो म्हणूनच तर नोटीस होती.

"काका," साहेब म्हणाले, "नोटीस तुमच्या जागेवर लागली आणि तुम्ही तिथं दारं विकता, या दोनच गोष्टी आम्हाला सिद्ध करायच्या होत्या. दोन्ही तुम्ही जिना चढवून आणल्यात."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर मी भांडलो असतो. ते थकलेले वाटले. बाहेर बाकावर अजून दहा-बारा माणसं बसलेली होती, प्रत्येकाच्या हातात एक फाईल. मी अर्ज पुढं केला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. मुदतीत आला असता तर घ्यावा लागला असता, म्हणाले. मी हात जोडले. मी कुणासमोर हात जोडत नाही. त्यांनी माल हलवायला दिवाळीपर्यंतचा वेळ दिला. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

दार परत न्यायला माझ्यात त्राण नव्हतं. ते तिथंच जिन्याखाली सोडलं.

नोटीस लागलेल्या माणसाकडं व्यापारी कसे येतात ते मला माहीत होतं. तसेच ते माझ्याकडं आले. चहा मागितला. तुळयांवर नख मारून बघितलं. तोंड वाकडं केलं. एकानं तर मी लोकांना ऐकवायचो तेच वाक्य मला ऐकवलं, "हलवायला तुम्हालाच खर्च येईल बघा." जो माल उरला तो मी शहराबाहेर, जालना रस्त्याला भाड्यानं जागा घेऊन टाकला. गिऱ्हाईक तिथपर्यंत येईना. जुनं लाकूड घेणारा माणूस गरीब असतो, तो रिक्षाचं भाडं घालून दार बघायला येत नाही. चार पावसाळ्यांत अर्धं लाकूड कुजलं. मग मी ती जागाही सोडली. आता वखारीच्या जागेत माझी सून कुरडया वाळवते. जागा नियमात बसली.

गिरणी चालू आहे. सकाळी सातला पट्टा फिरायला लागतो आणि खिडकीच्या काचा थरथरतात. मी आजवर तक्रार केली नाही. गिरणीला नियम परवानगी देतो आणि मला नियम पाठ आहेत. आमचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे. बायका एकमेकींकडं जातात, हळदीकुंकवाला, पाचवीला. आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसतो आणि मधून रस्ता बघतो. राग आता पहिल्यासारखा पेटत नाही. नुसता असतो, गुडघ्याच्या दुखण्यासारखा. मी त्याला तसंच मरू दिलं असतं.

पण गेल्या महिन्यात गल्लीत गणपतीच्या वर्गणीची बैठक झाली. मी गेलो नव्हतो. माझा मुलगा गेला होता. तिथं कुणीतरी जुनी वखार काढली आणि गिरणीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "म्या त्याला त्याच दिशी सांगितलं व्हतं. नोटीस लागली, वाचून घे. पण त्यो कुणाचं ऐकतोय व्हय?" लोक हसले. मुलगाही घरी येऊन मला विचारतो, "बाबा, काकांनी सांगितलं होतं का? खरं सांगा."

गिरणीवाल्या, वखार गेली ती गेली. तू गप्प बसलास, ते मी इतकी वर्षं पोटात घातलं. तुझ्याकडं मी नुकसान मागितलं नाही, माफीसुद्धा मागितली नाही. आता तू माझ्या पोराच्या नजरेत मला मूर्ख आणि खोटा ठरवलंस. ते मी पोटात घालणार नाही. तेव्हा सांग. कोणत्या दिवशी सांगितलंस? सकाळी की संध्याकाळी? मी कुठं उभा होतो, काय करत होतो, मी तुला काय उत्तर दिलं? ऐकायला कोण होतं, एक नाव घे. ज्या माणसांसमोर तू हे बोललास त्यांच्यासमोर, माझ्या मुलाला पुढं बसवून, ही उत्तरं दे. मी रोज ओट्यावर बसतो. मधे फक्त रस्ता आहे. ये आणि सांग.